पान पिवळं पडतं तेव्हा

संत्र्याच्या बागायतदाराला झाडाचं दुखणं कळायला वेळ लागत नाही. शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडलं, बुंध्यावर डिंक्या दिसला, फांदीवर कोळशी बसली, की मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचा शेतकरी दोन पानं तोडून खिशात घालतो आणि गाडीला किक मारतो. कृषी केंद्रवाला पान उलटंपालटं करून बघतो, ओलिताचं विचारतो, मागची फवारणी कधी झाली ते विचारतो. शेजारचा बागायतदार तिथंच उभा असतो, तोही न विचारता आपलं मत देतो. आंबिया असो की मृग, 'पुढच्या बहारापर्यंत बघू' असं त्या दुकानात कुणी म्हणत नाही. तोवर झाड वाळतं, हे सगळ्यांना ठाऊक.

त्याच शेतकऱ्याच्या ओसरीवर अडीच वर्षांचा नातू खेळतोय. नावानं हाक मारली तर वळत नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा कुरकुरला की धावत येतो. म्हणजे कान शाबूत आहेत. काही हवं असलं तर बोट दाखवत नाही, आईचं मनगट धरून तिचाच हात डब्यापर्यंत नेतो. खेळण्यातली गाडी चालवत नाही, उलटी करून तिचं चाक फिरवत बसतो, तासभर. आणि घर म्हणतं, "बोलन नं बाप्पा, घाई कायची? याचा बाप बी उशिराच बोलला होता."

या वाक्यात माया आहे, म्हणूनच ते खोडणं अवघड जातं. आजीनं पाच पोरं वाढवलेली, तिच्यासमोर कालची सून काय बोलणार? शिवाय अनेकदा ते खरंही ठरतं. काही मुलं उशिरा तोंड उघडतात आणि मग गप्प करता करता घर थकतं. पण नुसतं उशिरा बोलणारं मूलही बोलण्याआधी बोट दाखवतं. चिमणी उडाली तर आधी चिमणीकडे आणि मग आईच्या तोंडाकडे बघतं. 'तू बघितलीस का?' हे डोळ्यांनीच विचारून घेतं. वर्षाच्या आसपास नावाला ओ देणं आणि दीड वर्षापर्यंत बोटानं वस्तू दाखवणं, या गोष्टी शब्दांच्या आधी बघायच्या असतात. त्या दिसत नसतील तर बाप कितव्या वर्षी बोलला होता हा हिशेब कामाचा नाही.

या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द गोड आहे आणि फसवा आहे. स्वमग्न म्हटलं की डोळे मिटून बसलेला कुणी तपस्वी समोर येतो, ज्यानं जगाकडे पाठ फिरवायचं स्वतःहून ठरवलंय. आमच्या कचेऱ्यांतल्या हिंदीत कधी स्वलीनता म्हणतात, आणि १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात तर 'स्वपरायणता' असा शब्द आहे. धर्मपरायण, कर्तव्यपरायण, तसा स्वपरायण! ज्याला अजून 'मी' म्हणता येत नाही त्या पोरावर एवढा मोठा आरोप. ज्या आया हे रोज जगतात त्या सरळ 'ऑटिझम' म्हणतात. इथंही तेच बरं. कारण या मुलांचं दुखणं पुष्कळदा त्या शब्दांच्या नेमकं उलट असतं. बाहेरचं जग त्यांच्यात शिरत नाही असं नाही, ते नको तितकं शिरतं. मिक्सर आपल्यासाठी आवाज असतो, त्यांच्या अंगावर तो धावून येतो. कुकरची शिट्टी, शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी, फोडणीचा ठसका, लग्नातला डीजे. मग ते मूल कानात बोटं घालतं, हात फडफडवतं, चवड्यावर चालतं, गिरक्या घेतं. आपण तेवढंच बघतो आणि म्हणतो, 'हे काय खूळ?' घसरत्या पायवाटेवर माणूस हात पसरून चालतो, त्याला खूळ म्हणत नाही.

पांढुर्णा आणि सौंसरात आणखी एक खुलासा हाताशी तयार असतो. घरात आमची वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळेत हिंदी, आणि आता गल्लोगल्ली इंग्रजी नर्सरी. पोर बोलत नाही म्हटलं की शेजारी निदान करून मोकळे: "तीन-तीन भाषा, लेकरू गोंधळलं." १९५६पर्यंत नागपूर ही या मुलखाचीही राजधानी होती. राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर तिकडे गेलं, तेव्हाचा आमचा छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला आणि बोली कुणाला न विचारता दोन्हीकडे नांदत राहिली. तेव्हापासून इथल्या पिढ्या दोन भाषांत वाढल्या, आणि बोलण्यात त्या कमी पडल्या असं आमच्याशी कधी भाव करून बघितलेला कुठलाच व्यापारी म्हणणार नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही. ऑटिझम असलेलं मूल दोन भाषांच्या घरात वाढलं म्हणून एकाच भाषेच्या घरातल्या तशाच मुलापेक्षा मागे पडतं, असंही आढळलेलं नाही. कॅनडासारख्या दुभाषी देशात हे मुद्दाम तपासून झालं आहे.

तरीही 'घरी आता फक्त हिंदीच बोला' असा सल्ला देणारे भेटतात. मग आई चाचरत 'बेटा, इधर देखो' म्हणू लागते आणि आजी गप्प होते, कारण तिला हिंदीत लाड करता येत नाहीत. ज्या पोराला बोलतं करायचं, त्याच्याभोवतीचं सगळ्यात बोलकं माणूसच असं मुकं केलं जातं. गंमत अशी की पहिल्या शब्दांत हे भांडण नसतंच. आमच्या बोलीत 'ण'चा 'न' होतो; पोरानं 'पानी' म्हटलं तर ते मास्तरांचं की आजीचं, हे साक्षात सरस्वतीलाही सांगता येणार नाही.

मग जामसावळी. सौंसर तहसिलीतलं हे हनुमान मंदिर आता दूरदूर प्रसिद्ध आहे. मारुती इथं उभा नाही, पहुडलेला आहे, आणि त्याच्या नाभीतलं पाणी तीर्थ म्हणून घेतात. ज्यांना 'बाहेरचं' लागलं अशी घरच्यांची समजूत, ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही असं गाव म्हणतं, त्यांना इथं आणायची रीत जुनी आहे. न बोलणाऱ्या लेकराची आई त्याच रांगेत उभी राहिली तर नवल नाही. तिला हसायचं काम नाही. बहुतेकदा तिचं गाऱ्हाणं मधेच न तोडता ऐकून घेणारी ती पहिली जागा असते. 'तू काय केलंस म्हणून असं झालं' हे मारुती विचारत नाही. दवाखान्यांनी त्याच्याकडून एवढं घेतलं तरी पुष्कळ.

आमची तक्रार वेळेबद्दल आहे. पाच मंगळवार, मग अकरा शनिवार. मग भगत, मग अंगारा, मग कुणाच्या साल्यानं सांगितलेला 'नसांची दवा' देणारा. अडीच वर्षांचं पोर या फेऱ्यांत पाचचं होतं, आणि भाषा, नजर, खेळ यांची मेंदूत जुळणी होण्याची जी सगळ्यात वेगाची वर्षं, तीच नेमकी वाहून जातात. तीर्थ घ्यावं, आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाच्या रांगेतही बसावं. मारुतीची त्याला हरकत असल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

भगतापेक्षा महाग ठग मात्र शहरात बसतात. पांढरा कोट, काचेचा दरवाजा, भिंतीवर परदेशी प्रमाणपत्रं आणि 'स्टेम सेल देऊ, मूल बोलू लागेल' ही हमी. ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, तो देणं हे व्यवसायातलं गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं २०२२मध्ये सांगितलं. तोवर किती घरांनी बगीचा गहाण टाकला असेल कुणास ठाऊक. भगत निदान नारळावर भागतो. ऑटिझम 'बरं' करणारं औषध आज जगात कुठंही नाही. झोप, फिट्स, अतोनात चिडचिड यांवर औषधं असतात, ती वेगळी गोष्ट. बाकी सगळं काम शिकवण्याचं आहे: बोलणं किंवा बोलण्याऐवजी चित्रं दाखवून मागणं, कपडे घालणं, रांगेत थांबणं, आवाज सोसवेनासा झाला तर तसं सांगता येणं. हे काम हळू चालतं, रोज चालतं, आणि त्यातलं मोठं काम घरातच होतं, शिकवणाऱ्यानं आधी घराला शिकवलं तर.

'तू काय केलंस' हा प्रश्न नुसता आमच्या गल्लीतला नाही. १९४३मध्ये बाल्टिमोरमधल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची हकिगत लिहून या अवस्थेला ओळख दिली. मुलं त्यांनी बारकाईनं टिपली. पण आई-बाप थंड स्वभावाचे आहेत हेही ते टिपत गेले. त्यातून 'रेफ्रिजरेटर आई' हा शब्द निघाला. आईनं माया केली नाही म्हणून पोर गोठलं! १९६७मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी याच कल्पनेवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. त्याआधीच, १९६४मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं ही कल्पना पुराव्यानिशी खोडली होती; त्याचा स्वतःचा मुलगा असा होता. १९६९मध्ये खुद्द कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि त्यांनी पालकांना दोषमुक्त केलं. १९७७मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांचा अभ्यास छापला. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही ऑटिझम असल्याच्या जोड्या सापडल्या, वेगळ्या जुळ्यांत एकही नाही. म्हणजे मुळं जन्माआधीची, बहुतांशी आनुवंशिक. लसीवरच्या आरोपाचंही तसंच. १९९८मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी गोवराच्या लसीवर संशय घेणारा लेख छापला, २०१०मध्ये तो नियतकालिकानं मागे घेतला आणि त्यांची डॉक्टरकीही गेली. लसीला भिऊन पोराला गोवर काढू देणारे अजून आहेत.

कॅनर यांनी आई-बापांना दोषमुक्त केलं त्याला पन्नास वर्षं उलटली, आणि आमच्याकडे रेफ्रिजरेटरच्या जागी आता मोबाईल आला आहे. "सून दिवसभर मोबाईल घेऊन बसते, लेकराच्या हातात बी तोच, मग बोलन कसं?" लहान पोराच्या हातात मोबाईल देऊ नये हे शंभर टक्के खरं, बोलायला समोर माणूस लागतं, आणि स्क्रीन बंद केली की काही मुलांत फरक दिसतो तो त्यामुळे. पण मोबाईलनं ऑटिझम होत नाही. उलट कित्येक घरांत क्रम असा असतो: पोर आधीच माणसांत रमत नाही, रात्री दोन वाजता जागं होऊन किंचाळतं, भिंतीवर डोकं आपटतं, तेव्हा थकलेली आई त्याच्यापुढे मोबाईल धरते. शेजारीण सकाळी तो बघते. रात्रीचे दोन तिनं बघितलेले नसतात. आणि यात बाप कुठं असतो? तो बोरगावच्या कारखान्यातली पाळी संपवून येतो, 'तुझ्याच लाडानं बिघडलं' म्हणतो आणि ताट मागतो. सगळेच असे नाहीत. पण जे पोराला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसतात त्यांच्याकडे रांगेतल्या बाया कौतुकानं बघतात, यावरूनच प्रमाण कळावं.

आता थोडं पोळ्याकडे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी असतात. पोरं लाकडी बैल सजवून तान्हा पोळ्याला नेतात, आणि मोठी माणसं जाम नदीत गोटमार खेळतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधे दिवसभर दगड. पळून निघालेल्या प्रेमिकांची दंतकथा सांगतात, चंडीमातेचं नाव घेतात. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात. माणसं गेलीही आहेत. मध्यंतरी प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन बघितले, लोकांनी ते मनावर घेतलं नाही. त्या दिवशी काठावर डॉक्टर असतात, रुग्णवाहिका असतात, टाके घालायची सोय असते. टाके घालून घेतलेला गडी पुन्हा नदीत उतरतो आणि लोक त्याला शाबासकी देतात.

आणि याच गावात, त्याच दिवशी, तान्हा पोळ्याच्या रांगेत एखादं पोर आपला लाकडी बैल पुढं ओढत नाही. तो आडवा पाडतं, त्याचं चाक डोळ्यांपाशी धरून फिरवत बसतं. ढोल वाजला की कानावर हात. तेवढ्यावरून आजूबाजूच्या बाया एकमेकींकडे बघतात आणि आई त्याला उचलून घरी नेते. दगड खाऊन हसणारा शहाणा, चाक फिरवणारा येडा. आम्हाला विचित्र वागण्याचं वावडं नाही हे जाम नदीनं पुरेपूर सिद्ध केलंय. फक्त ते सगळ्यांनी मिळून करावं लागतं.

'येडा' हा शब्द सहज जातो, म्हणून सांगून ठेवतो. २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा सांगतो की दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. ऑटिझम या कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात त्याचं नावच नव्हतं. कैदेच्या भीतीनं कुणी कुणावर माया करू लागत नाही हे कबूल. पण चौकात, शाळेच्या व्हरांड्यात, लग्नाच्या पंगतीत हा शब्द उच्चारणाऱ्याला तो गुन्हा आहे एवढं तरी माहीत असावं.

लग्नाचा विषय निघालाच. ज्या घरात असं पोर आहे त्या घरातली मोठी मुलगी लग्नाची झाली की पाहुणे यायच्या दिवशी पोराला मामाकडे धाडतात. 'घराण्यात आहे म्हणतील.' पोर दिसत नाही म्हणून गावाला कळत नाही, गावाला कळत नाही म्हणून दुसऱ्या घरालाही आपलं एकट्याचंच असं वाटतं, आणि तेही आपलं पोर लपवतं. जागतिक आरोग्य संघटना बरीच वर्षं शंभर मुलांत एक असा ढोबळ अंदाज सांगत होती. त्या हिशेबानं पाचशे पोरांच्या शाळेत पाच. मास्तरांना विचारा, ते म्हणतील 'आमच्याकडे एकही नाही.' दक्षिण कोरियात एका शहरातल्या साध्या शाळांतूनही संशोधकांनी नीट शोध घेतला. २०११मध्ये आकडे छापले गेले तेव्हा सापडलेल्या मुलांपैकी दोन-तृतीयांश मुलं या साध्याच शाळांत बसत होती, निदान नाही, मदत नाही. आमच्या वर्गांतही ती आहेतच: मागच्या बाकावरचा 'घमेंडी', सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं पाठ असलेला आणि डबा मात्र रोज एकाच कोपऱ्यात बसून खाणारा, आणि मुली तर त्याहून जास्त निसटतात, कारण गप्प बसणाऱ्या मुलीची कुणाची कधी तक्रार नसते.

सिनेमानं एक उपकार केला, लोकांना शब्द कळला. आणि एक अपकारही. 'माय नेम इज खान' आणि 'बर्फी' बघून आलेले लोक आता विचारतात, "मग याच्यात काय खास आहे? गणित? चित्रं?" काही मुलांत असतं, बहुतेकांत नसतं, जसं आपल्या बहुतेकांत नसतं. पोरगं स्वतःच्या हातानं वरण-भात कालवून खाऊ लागलं ही त्या घरची दिवाळी असते. तिला टाळ्या वाजवायला थिएटर मिळत नाही.

आपल्याकडे यात जे काही उभं राहिलं ते बहुतेक आई-बापांनीच उभं केलं. दिल्लीत मेरी बरुआ या आईनं १९९१मध्ये 'अॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं, कारण मुलाला घेऊन जायला जागाच नव्हती. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांचं 'उम्मीद' २००१पासून आहे, पुण्यात 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' आहे. ही नावं सौंसरच्या आईच्या काय कामाची? तिच्यासाठी जग नागपूरपाशी संपतं. वाचा-उपचार आठवड्यातून दोनदा, म्हणजे एसटीचा नाही तर रेल्वेचा दिवस दोनदा, रोजी दोनदा बुडणार, आणि गर्दीच्या डब्यात पोर किंचाळलं तर 'पोराला वळण नाही' हे ऐकणं वेगळं. चार महिन्यांनी फेऱ्या थांबतात. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं जातं, 'पालकांनी उपचार सोडले.'

पांढुर्णा २०२३च्या ऑक्टोबरात जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा. फटाके फुटले, रस्ते अडले, फलक लागले. जिल्हा म्हणजे नुसती नवी कचेरी नव्हे, काही खोल्याही जिल्ह्याबरोबर याव्या लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून सुरू आहे. त्याच्या आखणीत अंगणवाडी आणि शाळांत जाऊन मुलं तपासणारी पथकं आहेत, आणि जिल्ह्याला एक शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. त्यात बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक, एवढी माणसं कागदावर लिहिलेली आहेत. अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठीची केंद्राची कार्यपद्धतीही २०२३च्याच नोव्हेंबरात आली, जिल्हा झाल्यावर दोन महिन्यांच्या आत. अंगणवाडीताई वजन घेते, दंडाचा घेर मोजते, रजिस्टर भरते. तिनं आणखी दोनच गोष्टी बघायच्या: हाकेला ओ देतं का, बोट दाखवतं का. आणि उत्तर 'नाही' आलं तर पाठवायला जिल्ह्यातच एक दार हवं, आणि त्या दारामागे वाचा-उपचारतज्ज्ञ हवा, ज्याला 'इकडं ये रे बावा' म्हणता येतं. नागपूरच्या आसपास अशी मराठी बोलणारी मुलंमुली शिकून बाहेर पडतात. सीमा ओलांडून इकडे नोकरीला यायला त्यांना आडकाठी काय ती पगाराची.

पैशाचंही थोडं. दिव्यांगत्वाचा दाखला हाती असला की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामया' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा मिळतो, त्यात बाहेरून घेतलेल्या थेरपीचाही खर्च धरतात. दाखल्यासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे, ती लावणारा माणूस मात्र लागतो. दाखला घ्यायलाच कित्येक घरं कचरतात. 'शिक्का बसेल.' शिक्का गावानं कधीच मारलेला असतो, फुकट. सरकारी शिक्क्याला निदान विमा तरी जोडलेला आहे.

आणि सगळ्यात शेवटचा प्रश्न, जो आई-बाप पोर झोपल्यावर एकमेकांना विचारतात: आपल्यामागे याचं काय? पोरगं अठरा वर्षांचं होतं, कायद्यानं सज्ञान होतं, बँकेत सही त्याचीच लागते, आणि त्याला अजून रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो. 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल' हे सुचवणारे तेव्हा पुन्हा उगवतात. राष्ट्रीय न्यास कायद्यानं याचं उत्तर १९९९मध्येच देऊन ठेवलंय. अशा सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमायचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानीय स्तर समितीला आहे. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक माणूस, एक दिव्यांग व्यक्ती, आणि प्रमुख खुद्द जिल्हाधिकारी.

जिल्हाधिकारी म्हणजे तेच, जे गोटमारीआधी बैठक घेतात. पोलीस किती, डॉक्टर किती, रुग्णवाहिका कुठं उभ्या राहतील, रबरी चेंडूंचं यंदा काय, सगळं टेबलावर येतं. त्या बैठकीची बातमी आदल्या आठवड्यात सगळ्या पेपरांत असते, कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. स्थानीय स्तर समितीची बैठक कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, अर्ज कोणत्या खिडकीवर, हेही तसंच एकदा छापून यावं. हिंदीत येईलच, खाली चार ओळी मराठीत टाकल्या तर आजीही वाचून दाखवील.